दोन खंजीर आणि एक टोपी

देनारियस या प्राचीन रोमच्या चांदीच्या नाण्यावर आधी देवदेवता असत आणि माणसांचे चेहरे सम्राटांपासून आले, असं म्हटलं जातं. पण त्यात मधला एक टप्पा सुटतो. सुरुवातीच्या, म्हणजे इ.स.पू. 211च्या सुमाराच्या देनारियसवर शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि मागच्या बाजूला घोड्यावरचे जुळे देव दिसतात, हे खरं. पुढे टांकसाळीचे अधिकारी आपापल्या घराण्यांचे पूर्वज मिरवू लागले. पण ते मेलेले! जिवंतपणी रोमच्या नाण्यांवर पहिल्यांदा चेहरा झळकला तो ज्युलियस सीझरचा, इ.स.पू. 44मध्ये. त्याच मार्चच्या 15 तारखेला त्याचा खून झाला.

माझं सगळ्यात आवडतं नाणं मात्र मारेकऱ्याचं, ब्रूटसचं. मागच्या बाजूला दोन खंजीर, मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्यांना मिळणारी टोपी आणि खाली ‘एइड मार’, म्हणजे 15 मार्च. खून केला, रोमला मुक्त केलं, अशी उघड जाहिरातच. सैन्याचा पगार भागवायला पाडलेलं नाणं, त्यामुळे प्रचार थेट शिपायाच्या हातात.

गंमत पुढच्या बाजूला आहे. तिथे चेहरा कुणाचा? खुद्द ब्रूटसचा. सीझरला हुकूमशहा म्हणून संपवणाऱ्यालाही तो मोह आवरला नाही.