मिउरा की डेटोना? सोसायटीच्या 'गाडीवेडे' ग्रुपवरची रविवारची चर्चा

सी-७०१: नमस्कार मंडळी, बोलोन्याहून. काल फुनोला फेरुच्चो लॅम्बोर्गिनी संग्रहालयात जाऊन आले. ट्रॅक्टरपासून सुरुवात केलेल्या माणसाचं संग्रहालय, त्यामुळे ट्रॅक्टर भरपूर. आणि त्यांची स्वतःची मिउरा एसव्ही, म्हणजे मिउराची शेवटची आवृत्ती. फोटो वर टाकलेत. आता प्रश्न असा: १९७१ साल आहे, पैशांची काळजी नाही, पण गाडी एकच घ्यायची. लॅम्बोर्गिनी मिउरा की फेरारी डेटोना? कारण सांगायचं, नुसता अंगठा चालणार नाही.

ए-११०२: मिउरा. विषय संपला.

बी-४०२: विषय आत्ता सुरू झालाय. डेटोना. जेवण झालं की लिहितो.

डी-१०३: ताई, लॅम्बोर्गिनीचीच काउंटाश का नाही यादीत?

सी-७०१: अरे, १९७१ ला ती जिनिव्हाच्या प्रदर्शनात नुसती मांडली होती. गिऱ्हाइकाच्या हातात पडायला १९७४ उजाडलं. थांब, तुझाही नंबर लागेल.

ए-११०२: बरं, कारण देतो. बारा सिलिंडरचं इंजिन मागे, तेही आडवं. छोट्या मिनीत चार सिलिंडरचं जे केलं होतं, ते लॅम्बोर्गिनीच्या दाल्लारा आणि स्तान्झानी या इंजिनिअरांनी बाराचं करून दाखवलं. इंजिन उभं बसवलं असतं तर गाडी लांबली असती. आडवं घातल्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर अडीच मीटरच्या घरात राहिलं. नोव्हेंबर १९६५ ला तुरिनच्या प्रदर्शनात नुसती चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा ठेवला, वर पत्रा नाही, तरी लोक मागणी नोंदवायला तयार! मग बेर्तोने या बॉडी बनवणाऱ्या कंपनीत गान्दिनीने बॉडी काढली आणि मार्च १९६६ ला जिनिव्हात पूर्ण गाडी. दाल्लारा, स्तान्झानी, गान्दिनी आणि चाचणीचा ड्रायव्हर बॉब वॉलेस, चौघंही तिशीच्या आतले. दोघांची बैठक, पाठीमागे मोठं इंजिन, ही जी सुपरकारची मांडणी आपण आज गृहीत धरतो, ती रस्त्यावर आणली या पोरांनी.

ई-९०४: दाल्लारा म्हणजे तेच ना, ज्यांच्या कंपनीच्या चॅसीवर आज अमेरिकेतली अख्खी इंडीकार शर्यतमालिका धावते?

ए-११०२: तेच वहिनी.

बी-४०२: जेवलो. आता ऐका.

ते आडवं इंजिन सगळ्यांना भुरळ घालतं, पण त्याचं देणं कुठे चुकवावं लागलं ते कुणी बघत नाही. जागा वाचवायला इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतीव भागात घेतले आणि दोघांना तेल एकच. इंजिनाला हवं ते तेल वेगळं, गिअरला हवं ते वेगळं. शिवाय गिअरच्या दात्यांचा कीस त्याच तेलातून फिरणार, थेट बेअरिंगच्या वाटेवर. माझी सगळी नोकरी पद्मिनीची इंजिनं खोलण्यात गेली. तेल काढताना बोटांत चकाकी लागली की आजही पोटात गोळा येतो. आणि हे बारा सिलिंडरच्या इंजिनाच्या नशिबी? दोन्ही तेलं वेगळी केली ती शेवटच्या काही एसव्हींत, गाडीचा निरोप घ्यायची वेळ आल्यावर.

दुसरं, पेट्रोलची टाकी पुढे. ती रिकामी होत गेली की नाक हलकं पडतं आणि नेमक्या मोठ्या वेगाला पुढची चाकं रस्ता धरेनाशी होतात. ज्या गाडीला २७० च्या पुढे पळण्यासाठीच विकलं, तिचं हे वागणं मला पटत नाही.

आता डेटोना. खरं नाव ३६५ जीटीबी/४, पॅरिस, १९६८. पिनिनफारिना या डिझाइन कंपनीच्या फिओराव्हान्तीची रेषा. इंजिन पुढे, ४३९० सीसी, ३५२ अश्वशक्ती. पण गिअरबॉक्स उचलून मागच्या अ‍ॅक्सलला जोडला, म्हणून लांब नाकाची असूनही वजन दोन्हीकडे जवळजवळ सारखं. संप म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं; हिच्यात ते कोरडं आणि तेलाची टाकी वेगळी, म्हणजे ड्राय संप, त्यामुळे लांब वळणावर तेल एका बाजूला गेलं तरी पंप कोरडा पडत नाही. २८० किलोमीटर वेग, आणि तो वेग विश्वासाने वापरता येतो. ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत १९७२, ७३ आणि ७४, सलग तीन वर्षं आपल्या गटात पहिली. १९७९ ला, कारखान्याने ती बनवणं थांबवून काही वर्षं झाल्यावर, अमेरिकेत डेटोनाच्याच चोवीस तासांच्या शर्यतीत सगळ्या गाड्यांत दुसरी! १९७१ ला डॅन गर्नी आणि ब्रॉक येट्स हिच्यातून न्यूयॉर्कहून निघाले ते ३५ तास ५४ मिनिटांत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला. मिउरा कारखान्याने शर्यतीत उतरवलीच नाही. मला हवी ती डेटोना, कारण तिच्यात अर्धवट सोडलेलं काही नाही.

ए-११०२: काका, पार्किंगमध्ये तिचं स्टिअरिंग फिरवताना खांदे निघतात म्हणे.

बी-४०२: निघतात. पॉवर स्टिअरिंग नाही. वेग घेतला की हलकं होतं. ती गल्लीत फिरवायची गाडी नव्हेच.

डी-१०३: काका, मिउराला आग लागायची ते खरं का? आणि का?

बी-४०२: खरं आहे. आणि याचं मूळ कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागात आहे, म्हणून नीट सांगतो. दोन्ही गाड्यांना वेबर कंपनीचे कार्ब्युरेटर. डेटोनाला सहा, प्रत्येकाला दोन नळ्या. मिउराला चार, प्रत्येकाला तीन. गणित दोन्हीकडे एकच, सिलिंडरमागे एक नळी, बारा नळ्या. पण मिउराचे ते तीन नळ्यांचे वेबर शर्यतीच्या घराण्यातले. शर्यतीत गाडी सिग्नलला उभी राहत नाही. रस्त्यावर राहते. इंजिन संथ चालत असताना जास्तीचं पेट्रोल कार्ब्युरेटरपाशी साचायचं, तेही गरम इंजिनच्या डोक्यावर. दिवा हिरवा झाला, मालकाने जोरात पाय दिला, एखादा सिलिंडर उलटा फुटला की भडका. नंतर जाणकारांनी त्यावर उपाय काढले, आज नीट राखलेली मिउरा अशी पेटत नाही.

बारा नळ्या जुळवणं हे काय असतं तेही सांगतो. रबराची बारीक नळी घ्यायची, एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. हवा आत खेचताना स्स्स असा आवाज येतो. प्रत्येक तोंडाशी तो आवाज एका पट्टीत आला पाहिजे. एक जास्त ओढत असेल तर स्क्रू पाव आटा फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं, कारण एकाला हात लावला की शेजारचा बदलतो. मी दोन कार्ब्युरेटरवर हे केलंय आणि अर्धी सकाळ गेली होती. बारांवर करणाऱ्या, या गाड्यांच्या मुलखातल्या मोदेनाच्या मेकॅनिकसमोर मी मान तुकवतो.

ई-९०४: काका, हे जपून ठेवते. माझ्या मुलाला वाचायला देणार आहे.

सी-७०१: काका, तुमचा एकेक मुद्दा खरा आहे आणि तरीही मी मिउराच घेणार. का ते लिहिते.

डेटोना निघाली तेव्हा एन्झो फेरारींना मागच्या इंजिनाचे फायदे शर्यतीमुळे पुरते ठाऊक होते. पण बारा सिलिंडर पाठीमागे घेऊन सामान्य गिऱ्हाईक रस्त्यावर सांभाळेल, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. म्हणून आधी मागच्या इंजिनाची डिनो काढली, सहा सिलिंडरची, आणि तिला फेरारीचं नावही दिलं नाही. बारा सिलिंडर मागे असलेली रस्त्यावरची फेरारी, ३६५ जीटी४ बीबी, विक्रीला आली १९७३ ला, म्हणजे मिउरा बंद झाली त्या वर्षी. डेटोना हे एका जुन्या रीतीचं सर्वांत सुंदर टोक आहे. तिच्यानंतर पुढे इंजिनवाली दोन आसनांची व्ही-१२ फेरारी थेट १९९६ ला आली. मला शेवटचं पान नको, पहिलं हवं.

आणि जवळून पाहिल्यावर तर वाद उरतच नाही. माझी कंबर जिथे, त्याच्या थोडं वर छत संपतं. गाडीभोवती फिरले आणि दाराची मूठ सापडेना. खिडकीच्या मागे हवा घ्यायला काळ्या आडव्या पट्ट्या आहेत, त्यांतल्याच एका पट्टीच्या मागे ती मूठ बसवलीय. मागच्या काचेच्या जागी पुन्हा तशाच रुंद पट्ट्या, त्यांतून इंजिनची उष्णता बाहेर जाते आणि ड्रायव्हरला मागचं जेमतेम दिसतं. पुढचे दिवे बंद असताना आडवे पडून आकाशाकडे बघतात, आणि ते दिवे आहेत फियाट ८५० स्पायडरचे! एवढ्याशा फियाटचा दिवा घेऊन गान्दिनीने तो असा बसवला की तो दुसऱ्या कुठल्या गाडीचा होता हे मनातसुद्धा येत नाही. काटकसर आणि कल्पना एकाच ठिकाणी. काका, तुम्ही म्हणता अर्धवट सोडलंय. मला तिथे घाईने, रात्री जागून, कुणी थांबवायच्या आत केलेलं काम दिसतं. त्याच घाईतून तो एकच संप आला आणि त्याच घाईतून गाडीची ती देखणी रेषाही आली. एक ठेवून दुसरं काढता येत नाही.

ए-११०२: हे वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

बी-४०२: सुंदर लिहिलंस गं. पण गाडी नुसती बघायची नसते. कानामागे एकच काच आणि तिच्यापलीकडे बारा सिलिंडर. दोन तासांनी शेजारच्याशी बोलता येत नाही.

सी-७०१: काका, त्या इंजिनशेजारी बसल्यावर मला कुणाशी बोलायचंच नाही.

ई-९०४: ज्यांना बोलायचंय त्यांच्यासाठी मी माझं मत टाकते: मासेराती बोरा, १९७१. डिझायनर जुजारोची. इंजिन मागेच, पण मधे दुहेरी काच आणि गालिचा लावलेलं आवरण, त्यामुळे आत शांतता. छत स्टेनलेस स्टीलचं, न रंगवलेलं. पुढे खरोखरीच्या बॅगा मावतात. तेव्हा मासेराती सित्रोएनच्या हाती होती, म्हणून ब्रेकही त्यांच्या हायड्रॉलिकवर. आठ सिलिंडर आहेत म्हणून लोक तिला मागे बसवतात, हा मला अन्याय वाटतो.

ए-११०२: वहिनी, बोरावर वेगळा रविवार ठेवू. खरंच.

डी-१०३: आता माझा नंबर. काउंटाश, पण फक्त पहिली, एलपी४००. पंख नाही, रुंद चाकांच्या कमानी नाहीत. छतात मागचं बघायला खाच ठेवलेली. काकांच्या सगळ्या तक्रारी स्तान्झानीने तिच्यात सोडवल्या: इंजिन उभं केलं, गिअरबॉक्स इंजिनच्या पुढे, दोन सीटच्या मधे आणला आणि तिथून दांडा संपमधून मागे, चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलपर्यंत नेला. वजन मधोमध. गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्सवर, त्यामुळे मिउरासारखी लांबची जोडणी नाही.

बी-४०२: शाबास! हे वाचून आलायस. मांडणी म्हणून ती मिउरापेक्षा कितीतरी शहाणी आहे, यात शंका नाही. त्या काळच्या फेरारी बॉक्सरमध्ये, म्हणजे त्याच ३६५ जीटी४ बीबीत, इंजिन गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसवलं, त्यामुळे वजन वर गेलं. चपट्या इंजिनाचा अर्धा फायदा तिथेच गेला. बॉक्सर आणि काउंटाश यांत मी न अडखळता काउंटाश म्हणेन. आणि मी फेरारीवाला आहे.

डी-१०३: स्क्रीनशॉट घेतला काका.

ए-११०२: पण रिव्हर्स घेताना दार वर करून उंबऱ्यावर बसावं लागतं रे.

डी-१०३: बसेन की.

सी-७०१: मग शेवटी माझाच प्रश्न बारीक करते. मिउरातली कुठली? बाजारात सगळे एसव्हीच्या मागे. दीडशेच बनल्या, ३८५ अश्वशक्ती, मागची चाकं रुंद. पण रुंदी वाढवताना मागचं अंग फुगलं आणि दिव्यांभोवतीच्या काळ्या पट्ट्या, म्हणजे ‘पापण्या’, काढून टाकल्या. मला तिच्याआधीची एस हवी. ३७० अश्वशक्ती, पापण्या शाबूत, अंग सडपातळ.

ए-११०२: एस. हजार वेळा एस.

बी-४०२: तुम्ही दोघं पापण्यांवर गाडी निवडताय. मी संप वेगळा असलेली शेवटची एसव्ही घेईन, मिउरा घ्यावीच लागली तर. आणि डेटोना मात्र पहिल्या वर्षांतली, दिव्यांवर पारदर्शक पट्टी असलेली. अमेरिकेच्या नियमांपायी १९७१ पासून उघड-मिट दिवे आले आणि त्या नाकाची सलग रेषा तुटली.

सी-७०१: म्हणजे दिव्यांवर तुम्हीही निवडताच की काका!

बी-४०२: निवडतोच. देखणी आहे म्हणून तर एवढं भांडतोय. बरं, पुढच्या रविवारी अकरा वाजता क्लबहाऊसला या. माझ्याकडे पद्मिनीचा जुना सोलेक्स कार्ब्युरेटर आहे, खोलून फ्लोट आणि जेट दाखवतो. वेबर तिथून पुढची गोष्ट. ९०४, मुलाला नक्की पाठवा. १०३, तू रबराची नळी आण.