मदत हवी आहे: मुंबई-न्यूयॉर्क विमानात नेमके किती तास?

नमस्कार, इंदूरहून लिहिते आहे. आई 71 वर्षांची. सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात अशी दोनदा इन्सुलिन घेते. जूनमध्ये एकटीच भावाकडे न्यूयॉर्कला निघाली आहे. डॉक्टर म्हणाले, "प्रवासाचे खरे तास लिहून आणा, मग डोसचं ठरवू." मोजायला बसले आणि तिथेच अडले.

मुंबईहून रात्री 1 ला थेट विमान, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी 7.30. परतताना तिथून सकाळी 11 ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी 11. आईने बोटांवर मोजलं: जाताना साडेसहा तास, येताना चोवीस! हे चूक आहे एवढं मलाही कळतं. अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, वेग ताशी 900 धरला तर जवळपास 14 तास येतात. मग जाता-येता सारखेच का नाहीत?

अजून एक. लेकीच्या पृथ्वीगोलावर शिवणाचा दोरा ताणून धरला, तर तो रशियावरून, आइसलंडजवळून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी जातो. भिंतीवरच्या नकाशात रेघ अरबस्तान-इजिप्तवरून जाते. खरं कोणतं?

प्रतिसाद:
ताई, दोरा खरा. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. त्यात उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात. गोलावर ताणलेला दोरा म्हणजेच सर्वांत जवळची वाट. विमान तंतोतंत तिच्यावरून जात नाही. युक्रेनचं आकाश 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे, असे वळसे पडतात.

तासांसाठी सगळ्या वेळा भारतीय करून घ्या. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे (हिवाळ्यात साडेदहा). तिथले सकाळचे 7.30 म्हणजे आपले संध्याकाळचे 5, म्हणून जाताना 16 तास. परतताना तिथले 11 म्हणजे आपले रात्रीचे 8.30, म्हणून साडेचौदा. हा फरक मुख्यतः वाऱ्याचा. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीमागून. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणं-येणंही धरलेलं असतं. म्हणून इंदूर-मुंबई हवेतून 500 किलोमीटरच असूनही तिकिटावर तासाच्या वर वेळ दिसते.

डॉक्टरांना हे सांगा: सकाळचा डोस विमान सुटल्यावर साडेसहा तासांनी येतो, संध्याकाळचा तिथल्या सकाळी 10 ला, म्हणजे उतरल्यावर अडीच तासांनी. तेव्हा त्या कदाचित इमिग्रेशनच्या रांगेत असतील. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, खाली सामानात ते गोठू शकतं.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! रांगेचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. व्हीलचेअर आजच सांगून ठेवते. कागदावर दोन घड्याळं काढली आहेत, एक इंदूरचं, एक न्यूयॉर्कचं, आणि डोसच्या वेळी लाल खूण. उद्या डॉक्टरांना दाखवते.