दूध-अंड्याविना पाव दगडच होतो, हे ठरवले कोणी?

टिळकवाडीकर:
काल येथे एका सदस्येने ठामपणे लिहिले की, दूध आणि अंडे घातल्याशिवाय घरचा पाव दगडच होतो आणि तसा पाव करणे म्हणजे सोवळ्याच्या हट्टापायी मैदा वाया घालवणे. त्यावर माना डोलावणाऱ्यांची रांग पाहून राहवले नाही. पिठाला ताण येतो तो पाण्याने आणि मळण्याने. 500 ग्रॅम मैदा, 325 मिलिलिटर पाणी, 10 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि हवे तर दोन चमचे तेल, एवढ्यावर पाव उत्तम होतो. खरी खोट अशी की, पीठ हाताला चिकटू लागले की आपण पोळीच्या कणकेच्या सवयीने मूठभर मैदा भुरभुरतो आणि कडक पावाचे खापर मात्र नसलेल्या अंड्यावर फोडतो. ते चिकट पीठ 20 मिनिटे परातीत नुसते झाकून ठेवावे आणि मग ओढून दुमडत राहावे. आरंभी ते फाटते, परंतु हळूहळू असे तलम होते की बोटांवर ताणलेल्या पापुद्र्यातून खिडकीचा उजेड दिसतो.

शहापूरची सून:
ती सदस्या मीच, तेव्हा प्रवचन पोहोचले. दुधातली साखर यीस्ट खात नाही, म्हणून ती शिल्लक राहते आणि पावाला तांबूस रंग येतो; दुधा-अंड्यातल्या स्निग्धांशामुळे तो दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. तुमचा पाव भट्टीतून निघताना कितीही देखणा असो, सकाळी मुलांच्या डब्यात भरताना त्याचे काय होते, हे तुम्ही सोयीस्करपणे लिहिलेले नाही. डबा घरात कोण भरते, हे विचारण्याचा मोह आवरते.

खानापूरचा पाऊस:
ताई, माझे आजोळ चोर्ला घाटाच्या पलीकडे, गोव्यात आहे. तिथल्या पदेराच्या, म्हणजे पाव भाजणाऱ्याच्या, रोजच्या पावात दूधही नसते आणि अंडेही नसते. पूर्वी तर यीस्टऐवजी माडाची सूर घालून पीठ फुगवत. तो पाव खाऊन आमच्यापैकी कोणाचेही दात पडलेले नाहीत. आमची रड निराळी आहे. आषाढात खानापुरात पीठ तासन्तास ढिम्म हलत नाही आणि ओव्हनमधला दिवा लावून ऊब द्यावी, तर नेमकी वीज जाते.

गोकाकचा शेतकरी:
मैद्यावर एवढी चर्चा चाललेली पाहून खेद वाटतो. आपल्याच बेळगाव जिल्ह्यात खपली गहू पिकतो आणि आपण पांढरा भुसा मळतो. ब्रेडच्या पिठात पोटॅशियम ब्रोमेट हे रसायन घालत असत आणि त्यावर 2016 साली बंदी आणावी लागली, हे येथील विद्वानांना ठाऊक असेलच. पाव करायचाच असेल, तर खपलीचा करावा.

टिळकवाडीकर:
ब्रोमेट हे वरून मिसळलेले रसायन होते, मैदा नव्हे; आणि घरच्या परातीत ते घालतो कोण? खपलीची खीर जगात तोड नसलेली आहे, हे मान्य. परंतु तिच्या पिठातील चिकटपणा दुबळा असतो, त्यामुळे ते ओढले की तुटते आणि फुगण्याऐवजी पसरते. आमच्या घरी निव्वळ खपलीचा पाव झाला, तो शेवटी तव्यावर भाजून आमटीत बुडवून संपवावा लागला.

गोकाकचा शेतकरी:
शहरातल्या माणसाला सगळे साच्यातून फुगून वर आलेले हवे असते. आमच्या आईने खपलीची कणीक मळली की घरभर वास दरवळत असे.

शहापूरची सून:
अण्णा, वासाने पाव फुगत नाही. मी गिरणीच्या साध्या कणकेचाही पाव केला आहे. तिला पाणी मैद्यापेक्षा बरेच अधिक लागते आणि कोंड्यामुळे ती जेमतेम वर येते. चौथा हिस्सा खपली आणि बाकी मैदा घेतला, तर मात्र चव खरोखर वाढते. एवढे श्रेय घ्या आणि शांत व्हा.

गोकाकचा शेतकरी:
चौथा हिस्सा! स्वतःच्याच जिल्ह्यात आमच्या गव्हाला पाहुण्याचा पाट मिळाला, धन्य झालो.

टिळकवाडीकर:
डब्याच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. एकूण मापातलाच 25 ग्रॅम मैदा आणि 125 मिलिलिटर पाणी घेऊन मंद आचेवर खळ शिजवावी, ती पूर्ण निवली की उरलेल्या पिठात घालून मळावे. शिजलेले पीठ पाणी धरून ठेवते, त्यामुळे पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. खळ गरम असताना मात्र घालू नये, कारण 60 अंशांच्या आसपास यीस्ट मरते. आणि होय, डबा मीच भरतो.

शहापूरची सून:
खळीचा पाव रात्री केला होता. सकाळी मऊ निघाला, हे नाइलाजाने नोंदवते. रंग मात्र आजारी माणसासारखा फिकट आला, त्यामुळे पुढच्या वेळी मी वरून दुधाचा हात फिरवणारच. आपली हरकत असल्यास खानापूरकरांकडे वीज आल्यावर नोंदवावी.