टूर द फ्रान्स बघायची तर ताटासकट बघावी

रानवाट

टूर द फ्रान्स ही फ्रान्सभर टप्प्याटप्प्याने फिरणारी सायकल शर्यत नीट कळायची असेल तर ती ज्या मुलखातून जाते तिथली माती, वारा, चीज आणि वाइन यांची ओळख हवीच, असं माझं ठाम मत आहे. माझ्या सायकलवाल्या मित्रमंडळींत यावरून दर जुलैत वाद होतो. त्यांच्या मते हेलिकॉप्टरमधून दिसणारे किल्ले नि द्राक्षमळे म्हणजे दोन चढांमधला टाइमपास. खरी शर्यत वॅट (पायांची ताकद) आणि सेकंदांची. मला हे पटत नाही, म्हणून इथे मांडते.

2016 चा मों व्हांतू या डोंगराचा टप्पा घ्या. शेवट डोंगराच्या माथ्यावर, 1,900 मीटरच्या वर व्हायचा होता. पण मिस्त्राल वारा असा सुटला की आयोजकांना शेवटची रेषा सुमारे 6 किलोमीटर खाली, शाले रेनारला आणावी लागली. माथ्यापर्यंत पसरली असती ती गर्दी खाली एकवटली आणि रस्ता चिंचोळा झाला. त्यात कॅमेऱ्याची मोटरसायकल अडकली. रिची पोर्ट तिच्यावर आदळला, मागोमाग ख्रिस फ्रूम. सायकल मोडली आणि पिवळ्या जर्सीतला, म्हणजे शर्यतीत आघाडीवर असलेला फ्रूम चक्क पायी धावत सुटला.

आता हाच मिस्त्राल खालच्या ऱ्होन खोऱ्यातल्या बागांना काय करतो? पाऊस पडून गेला की घड आणि पानं भराभर सुकवतो, बुरशीला बसू देत नाही. डाउनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने रात्री जागणाऱ्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला अशा वाऱ्याचं मोल वेगळं सांगायला नको. शातोनफ-द्यु-पापची ती भारदस्त रेड वाइन आणि फ्रूमची धावाधाव, दोन्हींच्या मागे एकच वारा आहे.

किंवा 2024 चा नववा टप्पा, त्रुआ शहराभोवतीचा. पांढऱ्या कच्च्या रस्त्याचे 14 पट्टे, मिळून 32 किलोमीटर. शाम्पेनच्या दक्षिण टोकाच्या त्या टेकड्यांत चुनखडी आहे, शाब्लीची वाइन ज्या थरावर पिकते त्याच थराची. तीच चुनखडी चाकांखाली भुगा होऊन उडत होती आणि अख्खा जथा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसत होता. आंतोनी तुर्जिस जिंकला. तुर्जिसचे पाय जितके महत्त्वाचे, तितकीच ती माती.

म्हणून आमच्याकडे नियम आहे: टप्पा जिथे, ताट तिथलं. टप्पे आपल्याकडे रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास संपतात, जेवणाच्या वेळेलाच.

पॅडलमारू

वारा आणि चुनखडी मान्य. तिथून चीजवर मारलेली उडी अमान्य.

जे ही शर्यत करतात ते यातलं काय खातात? भात, पास्ता, आणि खोगिरावर तासाला 90 ते 120 ग्रॅम कार्बोहायड्रेट, तेही जेल आणि बाटलीतून. मोठ्या संघांचे स्वतःचे आचारी नि स्वयंपाकाचे ट्रक असतात, कारण हॉटेलच्या जेवणावर कुणी भरवसा ठेवत नाही. बरगंडीसारख्या वाइनच्या मुलखातून जाणारा खेळाडू तिथली वाइन चाखत नाही. तो मुलूख त्याच्यासाठी फक्त चढ, उतार आणि वाऱ्याची दिशा असतो. शर्यत त्याच्या बाजूने बघायची असेल तर आपणही तेवढंच बघावं.

दुसरं, हे जे सौंदर्य आपल्याला दाखवतात ते विकत घेतलेलं असतं. सुरुवात-शेवटाचा मान मिळावा म्हणून गावं पैसे मोजतात. 1903 मध्ये लोटो नावाच्या वर्तमानपत्राने खप वाढवायला ही शर्यत काढली, 1930 पासून पुढे जाहिरातींच्या गाड्यांचा तांडा धावतो. आणि वाइनचंच म्हणाल तर काही वर्षं टूरची प्रायोजक वाइन चिलीची होती! 2016 मध्ये दक्षिण फ्रान्सच्या ओड भागातल्या द्राक्षवाल्यांनी शर्यत अडवायची धमकी दिली ती त्यावरूनच. इतकं मातीचं प्रेम.

आणि व्हांतूबद्दल माझ्या मनात पहिलं नाव ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसनचं येतं. 13 जुलै 1967, भाजून काढणारं ऊन. अँफेटामिन हे उत्तेजक घेतलेलं, वर ब्रँडी. माथा थोडासाच राहिला होता आणि तो कोसळला, पुन्हा उठला नाही. तिथे त्याचं स्मारक आहे, येणारे सायकलस्वार पायरीवर पाण्याची बाटली, टोपी ठेवून जातात. त्या चढावर शर्यत आली की मला वाइन उघडवत नाही.

रानवाट

पॅडलमारू, सिम्पसनबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनापासून मान्य. त्या दिवशी माझ्याही टेबलावर वाइन नसते.

पण खेळाडू खात नाही म्हणून प्रेक्षकाने खाऊ नये, हे कळलं नाही. क्रिकेटचा फलंदाज तरी खेळताना कुठे वडापाव खातो? आणि गावं पैसे देतात याला तुम्ही दोष का मानता? गावाला आपलं काहीतरी दाखवण्याजोगं आहे असं वाटतं म्हणूनच ना? 2024 ची सातव्या दिवसाची टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) न्वी-सें-जॉर्जहून जव्हरे-शांबेर्तांला गेली, 25 किलोमीटर. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या द्राक्षमळ्यांच्या बांधाबांधाने सायकलपटू रेम्को एव्हनपूल सुसाट गेला. ती ठिकाणं नकाशावरच्या नुसत्या ठिपक्यांसारखी बघायची?

ग्रनोबलकर

मी आल्प्सच्या डोंगरांच्या पायथ्याशी राहतो, म्हणून लिहितोय. दोघांचंही चित्र मला टीव्हीवरचं वाटतं.

रस्त्याकडेला प्रादेशिक पाककृती वगैरे कुणी खात नाही. लोक सकाळीच घडीचं टेबल मांडतात, कॅम्परवाले तर आदल्या दिवसांपासून ठाण मांडून असतात. खरबूज, पाव, हॅम, कूलबॉक्समध्ये रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. मग जाहिरातींचा तांडा येतो आणि वाळवलेल्या सॉसेजच्या छोट्या पुड्या, लाल-पांढऱ्या चौकटींच्या टोप्या फेकतो. त्या झेलायला आजोबासुद्धा नातवंडांच्या पुढे धावतात. सायकली चढावर असतील तर नीट दिसतात, सपाटीवर क्षणात संपतात. या गर्दीतली मजा कुठल्याही रेस्टॉरंटपेक्षा मोठी आहे आणि तिला शातोनफची गरज नाही.

पण पॅडलमारू, मुलूख म्हणजे फक्त चढ-उतार, हे मात्र चूक. 2025 चा एकोणिसावा टप्पा आठवा, अल्बेरव्हिल ते ला प्लान्य. कोल दे सेझी या घाटाच्या परिसरात गुरांना लम्पी झाला. हो, तोच, ज्याने 2022 मध्ये महाराष्ट्रात गोठे रिकामे केले. तिथला कळप मारावा लागला. त्या शेतकऱ्यांची मनःस्थिती बघून आणि शर्यत सुरळीत जावी म्हणून आयोजकांनी घाट वगळला, 130 किलोमीटरचा टप्पा 95 वर आला. डोंगराळ टप्प्यातून अख्खा घाट गेला म्हणजे शर्यतीचं गणितच बदललं.

आणि ही गुरं कुठली? तारीन आणि आबोंदांस, बोफोर चीजची. तारीनचं अंग तपकिरी, डोळ्यांना काजळ घातल्यासारखी काळी कड. उन्हाळ्यात ही गुरं वर कुरणांत चरतात. 10 लिटर दुधाचं जेमतेम 1 किलो चीज होतं, चाकाएवढं, कडेने आत दबलेलं. कळप गेला की शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेला वंश जातो, तो विम्याच्या पैशाने परत येत नाही. त्या दिवशी आम्ही इथे शर्यतीपेक्षा त्याचंच बोलत होतो.

पॅडलमारू

ग्रनोबलकर, घाट वगळला ते योग्यच केलं, त्याबद्दल दुमत नाही. पण यातून रानवाटांचा मुद्दा सिद्ध होत नाही. शेतकऱ्याचं दुःख समजून घ्यायला मला बोफोर खावं लागत नाही. उलट ताटाच्या नादात आपण तो प्रदेश गोडगोड करून टाकतो. हेलिकॉप्टर किल्ला दाखवतं, शेतकऱ्यांनी गवताच्या गासड्या आणि ट्रॅक्टर मांडून केलेली प्रचंड सायकल दाखवतं. गोठ्यातलं कर्ज दाखवत नाही.

वरणभात

एक व्यवहाराची अडचण. मी शाकाहारी आहे, पीतही नाही. रॉकफोर, बोफोर, कोंते या संरक्षित नावाच्या चीजमध्ये जनावराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं, नियमच तसा आहे. कासुले या शेंगदाण्यांच्या नव्हे, घेवड्याच्या फ्रेंच पदार्थात बदक आणि डुक्कर. मग रानवाटांच्या पद्धतीत मी बसतो कुठे? शर्यतीची गोडी तर मलाही आहे. प्रादेशिक जेवण हीच किल्ली म्हणायचं तर माझ्यासारख्यांना दार बंदच.

रानवाट

दार बंद नाही. 2024 ची टूर पॅरिसऐवजी नीसला संपली, ऑलिंपिकमुळे. नीसचा रस्त्यावरचा पदार्थ सोक्का: बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. पीठ पातळ भिजवून काही तास ठेवायचं, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजायचं, वर भरपूर मिरपूड, गरम असतानाच हाताने खायचं. घरी बिडाचा तवा आधी ओव्हनमध्ये कडक तापवून घ्या, कडा छान करपतात. ब्रिटनीचा टप्पा असेल तर कुट्टूच्या पिठाचा गालेत, आत मशरूम.

पॅडलमारू, गोडगोड करण्याचा धोका खरा आहे. पण बोफोर माहीत नसतं तर मी त्या दिवशी "टप्पा छोटा झाला" एवढंच वाचून पुढे गेले असते. तुम्हाला त्या गुरांबद्दल चीजशिवाय कळलं असतं, मला चीजमुळेच कळलं.

पॅडलमारू

मला ग्रनोबलकरांच्या प्रतिसादामुळे कळलं, चीजमुळे नाही. असहमत आहेच.