भावंडं आणि मामा: नव्या गेमच्या तीन रात्री

ताई: तुम्हा दोघांचं रात्री काय चाललंय? काल अडीच वाजता दोघंही ऑनलाइन दिसत होतात.

छोटू: बॉर्डरलँड्स ४, ताई. २०२५ च्या १२ सप्टेंबरला आलाय.

ताई: तो बंदुकांचा?

मी: बंदुकांचाच. पण निम्मा वेळ बंदुका चालवण्यात जातो आणि निम्मा त्या निवडण्यात.

मामा: युद्ध आहे की दुकान?

मी: मामा, दोन्ही. कैरॉस नावाचा ग्रह आहे. तिथला टाइमकीपर नावाचा हुकूमशहा लोकांच्या पाठीच्या कण्यात बोल्ट बसवून त्यांना मुठीत ठेवतो. आपण व्हॉल्ट हंटर, म्हणजे खजिन्याच्या मागे आलेले भाडोत्री, आणि अडकतो त्याच्या भानगडीत. गोष्टीचं एवढंच सांगतो, कारण निम्मे संवाद छोटूने मला ऐकूच दिले नाहीत. "चल, चल, पुढे चल."

छोटू: तो क्लॅपट्रॅप नावाचा बडबड्या रोबो बोलायला लागला की मी पळतो. पण मागच्या भागापेक्षा पाणचट विनोद कमी आहेत, हे मान्य.

ताई: मी आयुष्यात असा एकही गेम खेळले नाहीये. मला जमेल का, की तुमच्या पायात पायात येईन?

मी: हाच प्रश्न मला पहिल्या रात्री पडला होता, छोटू माझ्या पाच लेव्हल पुढे होता म्हणून. झालं काय, की शत्रू ज्याला त्याला त्याच्या लेव्हलचा दिसतो. एकाच गुंडाला छोटू मारतोय आणि मीही मारतोय, पण हिशेब दोघांचा वेगळा. अवघड की सोपं हेही प्रत्येकाने आपापलं ठरवायचं. तू सोप्यावर, छोटू अवघडवर, दोघं एकाच खोलीत.

दादा: आणि लूट?

मी: तीही वेगळी. पेटी उघडली की तुला दिसणाऱ्या बंदुका तुझ्या, मला दिसणाऱ्या माझ्या.

दादा: देव भलं करो त्यांचं. २००९ साली पहिला भाग आला तेव्हा जमिनीवर पडेल ते जो आधी धावेल त्याचं असायचं. एका स्नायपर बंदुकीवरून आपण दोघं आठवडाभर बोललो नव्हतो, आठवतंय?

मी: ती माझीच होती.

दादा: नव्हती.

वहिनी: इतकी वर्षं झाली, अजून चालूच आहे का हे?

मामा: पण मला एक सांगा. काल छोटूने व्हिडिओ टाकला त्यात एका माणसाच्या डोक्यात चार गोळ्या घातल्या आणि तो तसाच चालत आला. हे काय?

दादा: मामा, तिथेच शूटर, म्हणजे नेमाचा खेळ, संपतो आणि रोल-प्लेइंग, म्हणजे पात्र वाढवायचा आकड्यांचा खेळ, सुरू होतं. प्रत्येक गोळी म्हणजे एक आकडा. तुझी लेव्हल, बंदुकीची लेव्हल, तू कुठली स्किल घेतली आहेस, समोरच्याने काय घातलंय, या सगळ्याचा गुणाकार होऊन तो आकडा निघतो आणि त्याच्या डोक्यावर उडतो. डायब्लो नावाच्या जुन्या गेममध्ये हाच हिशेब होता, तिथे तलवारी होत्या, इथे बंदुका आल्या.

मी: आणि समोरच्याच्या डोक्यावरच्या पट्टीचा रंग बघायचा. लाल म्हणजे नुसतं अंग, त्याला आग लागते. निळी म्हणजे शील्ड, अंगाभोवतीचं ऊर्जेचं कवच, तिला विजेचा झटका. पिवळी म्हणजे चिलखत, त्याला आम्ल. व्हिडिओत छोटू चिलखतवाल्यावर आगीची बंदूक रिकामी करत होता. म्हणून तो गडी चालत आला.

छोटू: ते सांगायची गरज नव्हती.

मामा: म्हणजे नेम चांगला असून उपयोग नाही, गणित पाहिजे.

मी: नेमही लागतो, पण गणित कच्चं असेल तर नेम वाया जातो. मला स्वतःला बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूंच्या, मारामाऱ्या कंटाळवाण्या वाटल्या. पट्टी भली मोठी, आपण गोल गोल पळतोय, पट्टी नखाएवढी कमी होतेय. छोट्या टोळ्यांशी लढताना जी मजा येते ती तिथे नाही.

छोटू: कारण तुझा बिल्ड भिकार आहे.

मी: असेल.

ताई: बिल्ड म्हणजे?

मी: चार पात्रं आहेत, त्यातलं एक घ्यायचं. वेक्स ही सायरन, म्हणजे अद्भुत शक्ती असलेली बाई, तिची एक भुताळी मांजर आहे जी शत्रूच्या अंगावर जाते. छोटूने तीच घेतली, आणि मांजरीचं नावच 'ट्रबल' आहे. राफा हा सैनिक, त्याच्या सूटमधून हातात पाती किंवा तोफा तयार होतात. आमोन म्हणजे अंगापिंडाने दांडगा, आगीच्या कुऱ्हाडी फेकणारा. आणि माझी हार्लो, शास्त्रज्ञ बाई, गुरुत्वाकर्षणाशी खेळते. एकाला हवेत टांगून ठेवायचं, नाहीतर चार-पाच जणांना एकमेकांशी असं बांधायचं की एकाला लागलेलं सगळ्यांना लागतं. प्रत्येकाला स्किलची तीन झाडं, पॉइंट कुठल्या फांदीवर घालायचे ते आपण ठरवायचं. तोच बिल्ड. चुकला तर गेममधले पैसे भरून पुन्हा वाटता येतात, त्यामुळे घाबरू नकोस.

ताई: मांजर.

छोटू: ताई, मांजर माझी आहे!

मी: दोघांनी एकच घेतलं तरी चालतं. दोन मांजरी.

वहिनी: आता माझं ऐका. काल रात्री ह्यांनी मला अर्धा स्क्रीन दिला. कन्सोलवर दोघांना एकाच टीव्हीवर खेळता येतं. मी राफा घेतला. सुरुवातीलाच एक छान बंदूक मिळाली, निळ्या रंगाची. समोरून तिघं आले. मी सात-आठ गोळ्या झाडल्या, मग म्हटलं आधी भरून घेऊ, आणि भरायचं बटण दाबलं तर गड्याने बंदूकच फेकून दिली!

दादा: मी हसून हसून खाली बसलो, तेवढ्यात मला मारलं.

वहिनी: बंदूक तिघांच्या मध्ये पडली, फुटली, तिघंही गेले. आणि माझ्या हातात तशीच नवी बंदूक! मला वाटलं काहीतरी बिघडलं.

मी: ती टेडिओरची. त्या कंपनीची बंदूक भरत नाहीत, फेकतात. आत गोळ्या जितक्या जास्त शिल्लक, तितका मोठा धमाका. गेममध्ये बंदुका बनवणाऱ्या आठ कंपन्या आहेत आणि प्रत्येकीची अशी काही खोड आहे. जेकब्सची गोळी नेमक्या जागी लागली तर उडून दुसऱ्याला लागते. टॉर्गचं सगळंच फुटणारं. या भागात नवीन म्हणजे एका कंपनीच्या बंदुकीला दुसरीचे भाग जोडलेले सापडतात. काल मला जेकब्सची शॉटगन मिळाली, जी भरताना टेडिओरसारखी फेकायची.

दादा: अरे वा! ठेवली आहेस ना?

मी: तेच सांगत नव्हतो इतका वेळ.

छोटू: मी सांगू?

मी: नको.

छोटू: बॅग भरली. पांढऱ्या-हिरव्या, म्हणजे साध्या बंदुका जंक म्हणजे भंगार म्हणून खूण करत होता, घाईत ह्या जांभळीवरही, म्हणजे भारी बंदुकीवरही, खूण झाली. मग मशीनपाशी जाऊन 'सगळं जंक विका' दाबलं.

दादा: अरेरे.

छोटू: मशीनमध्येच विकलेलं परत घेता येतं. पण ह्याने गेम बंद केला, झोपला, आणि सकाळी मला विचारतोय, "माझी शॉटगन पाहिलीस का?"

मामा: दुकानच आहे म्हणजे.

वहिनी: मामा, तुम्ही एकदा उडून तर बघा. मला लढाईपेक्षा तेच आवडलं. उडी मारायची, हवेतच दुसरी उडी, मग तरंगत खाली यायचं, आणि मध्येच दोरीचा हूक फेकून कड्यावर जायचं. पहिल्या मुलखात नुसतं हिरवंगार आहे, तासभर मी कुणाला मारलंच नाही.

मी: हे मात्र शंभर टक्के. हा चांगला आहे तो बंदुकांमुळे जितका, तितकाच पायांमुळे. आधीच्या भागात आडोशाला बसून गोळ्या घालायचो, इथे हवेत राहिलो तरच जगतो. जखमी होऊन पडलो तरी काही सेकंद मिळतात, त्यात एखाद्याला मारलं की पुन्हा उभे. एकदा मी पडल्या पडल्या शेवटच्या गोळीवर उठलो आणि छोटू एवढ्या जोरात ओरडला की मला हेडफोन काढावा लागला.

ताई: रस्ता कसा कळतो? मी नकाशावाली नाही.

छोटू: गेम आला तेव्हा कोपऱ्यातला छोटा नकाशाच नव्हता! फक्त वर होकायंत्राची पट्टी. वैताग.

मी: मला उलट बरं वाटलं, डोळे कोपऱ्याला चिकटून राहत नाहीत. ताई, बटण दाबलं की सोबतचा छोटा ड्रोन जमिनीवर रेघ काढतो. कधी कधी ती रेघ कड्यापाशी नेऊन सोडते, तेव्हा आपली अक्कल वापरायची.

मामा: आणि उद्या त्यांनी सर्व्हर बंद केले तर? पैसे पाण्यात?

दादा: रास्त शंका. अँथम होता असाच, २०१९ चा, चौघांनी उडत उडत गोळ्या घालायचा. तो पूर्ण ऑनलाइनवर उभा होता आणि जानेवारी २०२६ मध्ये बंद झाला. हा तसा नाही, एकट्याने खेळायचा तर सोबती लागत नाहीत. चौघं असले तर मजा जास्त, एवढंच.

ताई: माझ्या लॅपटॉपवर चालेल का?

मी: १६ जीबी रॅम किमान, ३२ असेल तर उत्तम. एसएसडीवर १०० जीबी मोकळे लागतील. प्रोसेसर आठ कोअरचा. ग्राफिक्स कार्ड कुठलं आहे ते मला पाठव, त्यावरच सगळं आहे, विकत घेण्याआधी पाठव. आणि पहिल्यांदा उघडशील तेव्हा काही मिनिटं शेडर, म्हणजे चित्रं दाखवायची तयारी, करत बसेल. अडकलाय समजून बंद करू नकोस.

ताई: दादा-वहिनी कन्सोलवर, मी लॅपटॉपवर, तरी एकत्र खेळता येईल?

मी: येतं. आम्ही दोघं लॅपटॉपवरच आहोत. पण एका टोळीत चारच जण.

छोटू: म्हणजे आपण पाच. एक बाहेर.

वहिनी: मी नाही बाहेर.

दादा: बरं, मी बसतो बघत.

मी: दादा, तुझा आमोन कितवर आहे?

दादा: चौदा. का?

मी: आत्ता एक नारिंगी, म्हणजे फार दुर्मिळ, शॉटगन पडली. या रंगाची तीन रात्रींत ही पहिलीच. पण आम्लाची आहे, माझ्या हार्लोच्या कामाची नाही. तुला देतो, पण सोळाव्या लेव्हलची आहे. तोवर माझ्याकडे राहू दे.

दादा: तुझ्याकडे?

छोटू: तुझ्याकडे?

वहिनी: त्याच्याकडे नको, छोटूकडे दे.