आखातात ट्रेलर चालवलेलं कुणी आहे का इथे?

खेडचा_नातू: आजोबा १९८०च्या दशकात सौदीतल्या दम्मामहून जॉर्डनला ट्रेलर न्यायचे. घरात टॅपलाइन रोडचं नाव सारखं निघायचं. कसा होता तो रस्ता?

दापोलीकर_चाचा: सरळ! इतका सरळ की झोप हाच मोठा शत्रू. टॅपलाइन ही तेलाची पाइपलाइन, १९५० साली पुरी झालेली, थेट लेबनॉनच्या सैद्यापर्यंत. रस्ता तिच्या कडेनं. कैसूमा, रफ्हा, अरार, तुरैफ ही गावं तिच्या पंपिंग स्टेशनांभोवती वाढली. आमची मर्सिडीज पुढे नाक असलेली. एसी कुठला, ओला पंचा मानेवर. लोक वाळवंट म्हटलं की ऊनच धरून चालतात. जानेवारीत तुरैफला ये म्हणावं, पाणी गोठतं तिथे! ट्रेलरखालच्या पेटीत स्टोव्ह, तांदूळ, सुका जवळा. जवळा भाजला की शेजारचे तुर्की ड्रायव्हर नाक धरायचे, मग चहाला मात्र हजर. जॉर्डनच्या सरहद्दीवरच्या हदीसा नाक्यावर माल उतरवून तपासणी, कधी रात्रभर रांग.

अल_खोबर८७: मी चाचांच्या नंतरचा. सौदीहून बहारीनला जाणारा पूल १९८६ला सुरू झाला, आमची लाइन तीच. समुद्रावरून पंचवीस किलोमीटर, वारा सुटला की रिकामा ट्रेलर हलायचा.

खेडचा_नातू: चाचा, आजोबांचा गाडीसोबतचा एक फोटो आहे. टाकू?

दापोलीकर_चाचा: टाक की! नंबरप्लेट झाकून टाक. बंपरवर काही अरबीत रंगवलेलं असेल तर वाचून सांगतो.