‘लव्हर’ म्हणजे मित्रच ना?

जुनीपानं: शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकातला अँटोनिओ समलिंगी होता, असं हल्ली सरसकट ठोकून दिलं जातं. पुरावा काय, तर पोर्शिया त्याला आपल्या नवऱ्याचा, म्हणजे बसानिओचा, ‘बुझम लव्हर’ म्हणते. अहो, त्या काळी ‘लव्हर’ म्हणजे जिवलग मित्रसुद्धा! ‘ज्युलिअस सीझर’मध्ये ब्रूटस अख्ख्या जमावाला ‘लव्हर्स’ म्हणून हाक मारतो. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द १८६९ साली जर्मनमध्ये पहिल्यांदा छापला गेला, शेक्सपिअर जाऊन अडीचशे वर्षं उलटल्यावर. आजोबांच्या पत्राखाली ‘लोभ असावा’ असतं. त्यात उद्या कुणी हाव शोधायची का?

तिसरीघंटा: नाही पटलं. ब्रूटस चौकात भाषण करतोय. इथे अँटोनिओ मित्रासाठी काढलेल्या कर्जापायी छातीचं मांस द्यायला उभा आहे आणि म्हणतो, तुझ्या बायकोला सगळं सांग, बसानिओवर कुणाचं ‘लव्ह’ होतं की नव्हतं ते तिलाच ठरवू दे. त्यावर बसानिओ भर कोर्टात म्हणतो, याच्यासाठी मी बायकोवरही पाणी सोडेन. वकिलाच्या वेषात पोर्शिया तिथेच उभी! मित्र आणि बायको यांना नाटककारानेच एका तराजूत घातलंय. ‘लव्हर’चा प्रियकर हा अर्थही तेव्हा होताच की.

मधलीओळ: दोघांनाही एक सांगते. ॲलन ब्रे या इतिहासकाराने दाखवलंय की मिठी, चुंबन, एका बिछान्यात झोपणं ही तेव्हा प्रतिष्ठित मैत्रीचीच चिन्हं होती. इंग्लंडच्या १५३३च्या कायद्याने पुरुषांमधल्या संबंधांना फाशी होती, तरी या चिन्हांकडे कुणी बोट दाखवत नसे. राजकारण फिरलं की मात्र तीच चिन्हं आरोप होत. त्याच काळातल्या मार्लोचं ‘एडवर्ड द सेकंड’ हे नाटक वाचा. राजाच्या जिवलगाला, गॅव्हस्टनला, सरदार ‘मिनियन’ म्हणतात. राजाचा लाडका आणि राजाचा रखेला, दोन्ही अर्थ त्या एका शब्दात. आणि सरदारांना खरा राग त्याच्या हलक्या कुळाचा आणि त्याला मिळालेल्या पदव्यांचा.

जुनीपानं: ‘मिनियन’बद्दल मान्य. पण अँटोनिओच्या त्या ओळीचं मराठी करताना मी ‘प्रियकर’ लिहिणार नाही. ‘बसानिओला जीव लावणारं कुणी होतं’ असं लिहीन. जीव मित्रालाही लावतात, लेकरालाही.

तिसरीघंटा: मग पोर्शियाला काय टोचलं, ते त्या मराठीत ऐकू येईल?

मधलीओळ: येईल. तिलाही बसानिओला जीवच लावायचाय.